चित्राखालचे नाव

सुप्पंडीला ओळखत नाही असे शाळकरी मूल, इंग्रजी वाचणाऱ्या घरांत तरी, सहसा सापडत नाही. लांबट डोक्याचा, काटकुळ्या अंगाचा, भाबड्या चेहऱ्याचा हा नोकर मालकाने सांगितलेले काम शब्दशः पार पाडतो आणि नेमके त्यामुळेच ते बिघडवतो. भडगावात ज्या घरी आमचे जाणे-येणे असते, तेथील मुलांना त्याच्या गोष्टी तोंडपाठ आहेत. पण हा सुप्पंडी कोणी काढला, असे विचारले की मुले एकमेकांकडे पाहतात. एखादा मोठा माणूस 'अंकल पै' असे उत्तर देतो. ते उत्तर अगदीच चुकीचे नाही, पण बरोबरही नाही.

सुप्पंडीच्या गोष्टी १९८३ साली 'टिंकल' या मासिकात प्रथम आल्या. त्या तिरुचिरापल्लीच्या पी. वरदराजन या वाचकाने लिहून पाठवल्या होत्या. त्या स्वीकारून त्यांना रूप देण्याचे ठरवले ते संपादक अनंत पै यांनी. आणि त्या नोकराला चेहरा दिला तो राम वाईरकर या मराठी चित्रकाराने. म्हणजे एका सुप्पंडीचे तीन जनक. त्यांपैकी एकाचे नाव घरोघरी पोचले आणि दोघांची नावे आतल्या पानावरच्या बारीक अक्षरांत राहिली. या लेखात आम्हाला विचार करावयाचा आहे तो या बारीक अक्षरांचा.

वाईरकर हे काही योगायोगाने या व्यवसायात आलेले नवशिके नव्हते. 'अमर चित्रकथा' १९६७ साली इंडिया बुक हाऊस या प्रकाशन संस्थेतर्फे सुरू झाली. तिचे पहिले दहा अंक परदेशी परीकथांचे होते. अकरावा अंक 'कृष्ण' हा १९७० च्या सुमारास निघाला आणि तेथून या मालेला तिचा खरा मार्ग सापडला. त्या 'कृष्णा'ची चित्रे वाईरकरांची. पुढे देशातील लक्षावधी मुलांच्या मनात बाळकृष्णाची जी प्रतिमा उभी राहिली, तिच्यात या हाताचा वाटा मोठा आहे. पुण्याचे प्रताप मुळीक यांनीही या मालेसाठी पुराणपुरुष आणि इतिहासपुरुष रेखाटले, आणि त्याच हाताने १९८६ पासून 'नागराज' हा सापांचा अधिपती असलेला हिंदी चित्रकथांचा नायकही उभा केला. वसंत हळबे यांनी डोळ्यांवर टोपी ओढलेला भित्रा 'शिकारी शंभू' दिला. या तिघांची नावे किती वाचकांना सांगता येतील?

चित्रकथेचे काम कसे चालते हे ठाऊक नसेल तर या प्रश्नाचे वजन कळणार नाही. लेखक संहिता लिहितो: अमक्या चौकटीत राजा क्रुद्ध आहे, तमक्या चौकटीत राणी दाराआड उभी आहे. त्यापुढचे सारे चित्रकाराचे. राजाचा क्रोध भुवईत दाखवावा की मुठीत, राणीची केवळ सावली दिसावी की चेहरा, कोणती चौकट मोठी आणि कोणती लहान, वाचकाची नजर कोठून शिरावी आणि कोठे थांबावी, हे तो ठरवतो. आधी पेन्सिलीने, मग शाईने. एकच चेहरा तीस पानांत शेकडो वेळा काढावयाचा आणि प्रत्येक वेळी तो त्याच माणसाचा वाटला पाहिजे. समोरून, बाजूने, वरून, हसताना, रडताना, म्हातारा झाल्यावरही. रंगमंचावरच्या नटाला एकच भूमिका असते. येथे एका हाताला राजा, राणी, हत्ती, पाऊस आणि गर्दीतला शेवटचा माणूस अशा साऱ्यांच्या भूमिका कराव्या लागतात. शब्द विसरले जातात, चेहरा राहतो.

आमच्या वाचकांना तर हे वेगळे सांगावयास नको. प्रत्येक चर्चच्या भिंतीवर चौदा चौकटींची एक चित्रकथा लावलेली असते आणि उपवासकाळातील शुक्रवारी आपण ती पायी चालत वाचतो. क्रूसाच्या वाटेची स्थळे चौदाच असावीत हे पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ साली निश्चित केले. त्याच्याही अकराशे वर्षे आधी पोप थोर ग्रेगरी यांनी मार्सेच्या सेरेनस नावाच्या बिशपांना पत्र लिहून, चर्चमधील प्रतिमा फोडल्याबद्दल त्यांची कानउघाडणी केली होती. ज्यांना अक्षर येत नाही त्यांचे वाचन चित्रातूनच होते, असा त्या पत्राचा आशय. चित्रकथा ही पोरासोरांची, फावल्या वेळेची गोष्ट आहे असे मानणाऱ्यांनी आपल्याच ख्रिस्तसभेचा इतिहास एकदा चाळावा.

आता प्रश्न असा, की ज्याच्या हाताने हे सारे होते त्याचे नाव कळलेच पाहिजे काय?

आपल्याकडील भाविक मनाचे उत्तर तयार असते. उजवा हात काय करतो हे डाव्याला कळू नये, ही प्रभूची शिकवण. पूर्वेकडील ख्रिस्ती परंपरेत पवित्र प्रतिमा रंगवणारे मठवासी बहुधा आपले नाव लिहीत नसत. प्रतिमा ज्याची, महिमा त्याचा. आणि दूर कशाला, आमच्या जळगाव जिल्ह्याच्या सीमेला लागूनच अजिंठा आहे. सतराव्या लेण्यात विश्वंतर राजपुत्राची जातककथा भिंतभर पसरली आहे. तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा दिसतो: येथे दान देताना, तेथे निरोप घेताना, पुढे वनात. मधला एखादा खांब किंवा दार दोन प्रसंगांना वेगळे करते. चौकटी आखलेल्या नाहीत एवढेच, बाकी ती चित्रकथाच. ती कोणी रंगवली हे कोणालाही ठाऊक नाही. पंधरा शतके लोटली, काही बिघडले काय?

हे उत्तर आम्हास पुरेसे वाटत नाही. अजिंठ्याचीच गोष्ट पुढे न्यावी. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ नावाचा एक इंग्रज लष्करी अधिकारी वाघाच्या शिकारीच्या मागावर त्या दरीत आला, त्याला लेणी दिसली, आणि दहाव्या लेण्यातील एका रंगवलेल्या खांबावर त्याने आपले नाव व तारीख कोरून ठेवली. ज्यांनी रंगवले त्यांचे नाव नाही. जो केवळ आला त्याचे आहे. नाव न लिहिण्याने नावाची जागा रिकामी राहतेच असे नाही. बहुधा दुसरे कोणीतरी ती भरून काढते.

येथे एक भेद करणे आम्हास आवश्यक वाटते. नम्रता हा सद्गुण आहे खरा, पण तो ज्याचा त्याने आचरावयाचा असतो. मठवासी चित्रकाराने आपले नाव स्वतः झाकले. ते त्याचे अर्पण होते. दुसऱ्याने त्याचे नाव झाकले असते तर त्याला अर्पण म्हणता आले नसते. कोणाच्या खिशातील पैसे काढून घेऊन 'आम्ही याला गरिबीचे व्रत शिकवले' असे कोणी म्हणेल काय? मायकेलअँजेलोने आपल्या साऱ्या कृतींपैकी केवळ एकीवर नाव कोरले: प्रभूचे निष्प्राण शरीर मांडीवर घेतलेल्या पवित्र मातेच्या शिल्पावर, मातेच्या छातीवरून जाणाऱ्या पट्ट्यात. त्याचा चरित्रकार वसारी सांगतो, की ते शिल्प पाहावयास आलेले लोक त्याचे श्रेय दुसऱ्याच शिल्पकाराला देत असलेले त्याने ऐकले आणि रात्री दिवा घेऊन जाऊन त्याने ते नाव कोरले. यात अहंकार असेलही. तरी त्या तरुणाचा राग आम्हास समजू शकतो.

चित्रकथेच्या जगातील सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले. क्लीव्हलँडचे जेरी सीगल आणि जो शुस्टर हे दोन गरीब ज्यू तरुण. एक लिही, दुसरा काढी. त्यांनी 'सुपरमॅन' कल्पिला, दारोदार फिरवला आणि १९३८ साली त्याचे सर्व हक्क अवघ्या १३० डॉलरना प्रकाशकास विकले. कागदावर सही होती, व्यवहार कायदेशीर होता. सुपरमॅनने पुढे किती संपत्ती मिळवून दिली ते जगास ठाऊक आहे. १९४७ साली दोघांनी न्यायालयात धाव घेतली, तेव्हा त्यांचे नावही मासिकातून गेले. शुस्टरची तर दृष्टीच मंदावत गेली. अखेर १९७५ साली, सुपरमॅनवरील मोठ्या चित्रपटाची घोषणा झाल्यावर आणि वृत्तपत्रांतून ओरड झाल्यावर, कंपनीने दोघांना वार्षिक निवृत्तिवेतन दिले आणि त्यांची नावे पुन्हा छापावयास सुरुवात केली. जो नायक सर्व अन्यायाविरुद्ध उडत जात असे, त्याला आपल्या जनकांपर्यंत पोचावयास जवळजवळ तीस वर्षे लागली.

आमच्या सेमिनरीतील नीतिशास्त्राच्या तासाला करारातील सही आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे ठासून शिकवले जाई. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या आपल्या विश्वपत्रकात वेतनाविषयी हेच सांगितले होते: गरजेपोटी माणसाने मान्य केले, एवढ्याने ते न्याय्य ठरत नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९८१ साली त्याच परंपरेत आणखी एक पाऊल टाकले. कामाचे मोल काय निर्माण झाले यावरून नव्हे, तर ते करणारा माणूस आहे यावरून ठरते, अशी त्यांची मांडणी. चित्रकथेच्या धंद्याला ही मांडणी गैरसोयीची आहे. तेथे वस्तू पात्र असते आणि पात्र मालकीचे असते. २००७ साली 'अमर चित्रकथा' आणि 'टिंकल' इंडिया बुक हाऊसकडून नव्या कंपनीकडे गेली, तेव्हा शेकडो पुस्तके आणि सारी पात्रे एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेली. वाईरकर त्याआधीच, २००३ साली, निवर्तले होते. व्यवहारात काही वावगे होते असे आम्ही म्हणत नाही. पण सुप्पंडीचा चेहरा विकता येतो आणि तो चेहरा ज्या हातातून उतरला तो हात विकता येत नाही, हे लक्षात घ्यावे.

पवित्र शास्त्र याबाबतीत काय म्हणते? निर्गमच्या एकतिसाव्या अध्यायात परमेश्वर मोशेला निवासमंडपाचे काम सांगतो. तेव्हा तो 'चांगले कारागीर बोलाव' एवढेच म्हणत नाही. तो कारागिराचे नाव घेतो: बसालेल, उरीचा मुलगा, हूरचा नातू, यहूदाच्या वंशातला. जोडीला दानाच्या वंशातला अहलियाब. बापाचे नाव, आजोबांचे नाव, कुळ, सगळे. आणि त्या कारागिराला आपल्या आत्म्याने भरले असल्याचेही तोच सांगतो. बेन सिराच्या ग्रंथाचा अडतिसावा अध्याय आपण क्वचित वाचतो. तेथे कुंभार आहे, लोहार आहे, आणि मुद्रेवर आकृती कोरणारा आहे, जो हुबेहूब साधर्म्य साधण्यासाठी रात्र रात्र जागतो. हे लोक सभेत मानाच्या जागी बसत नाहीत, पण त्यांच्यावाचून नगर वसत नाही, असा तेथील सूर आहे. चित्रकथाकाराचा पूर्वज शोधावयाचा तर तो या मुद्रा कोरणाऱ्यात शोधावा असे आम्हास वाटते.

येथवर आम्ही नावाचा विचार श्रेय म्हणून केला. पण नावाला दुसरीही बाजू आहे, आणि आमच्या मते तीच अधिक महत्त्वाची. ज्याचे नाव आहे त्याला जाब विचारता येतो.

'टिनटिन' हा बेल्जियमचा बालनायक जन्मला तो एका कॅथलिक दैनिकाच्या बालपुरवणीत, जानेवारी १९२९ मध्ये. चित्रकार जॉर्ज रेमी, 'हर्जे' या टोपणनावाने काढणारा. संपादक होते एक धर्मगुरू, नॉर्बेर वालेझ. त्यांच्याच आग्रहावरून टिनटिन काँगोला गेला आणि त्या पुस्तकात आफ्रिकी माणसे बाळबुद्धीची, जाड ओठांची, गोऱ्या पोरापुढे लोटांगण घालणारी अशी रंगवली गेली. पुढे नायकाला चीनमध्ये पाठवावयाचे ठरले, तेव्हा लूव्हाँ येथील चिनी विद्यार्थ्यांचे धर्मगुरू फादर गोसे यांनी हर्जेंना पत्र लिहिले: चिनी माणसाचे नेहमीचे विडंबन कृपा करून काढू नका, माझ्या विद्यार्थ्यांना काय वाटेल? हर्जेंनी ते मनावर घेतले. १९३४ साली चांग चोंग-जेन या चिनी कॅथलिक कलाविद्यार्थ्याशी त्यांची गाठ पडली, आणि 'ब्लू लोटस' या पुस्तकात चीनचे रस्ते, पाट्या, माणसे खरी उतरली. चांगच्याच हातची चिनी अक्षरे त्या चित्रांतील भिंतींवर आहेत. काँगोच्या पुस्तकाचा ठपका मात्र हर्जेंच्या नावावर राहिला. १९४६ च्या रंगीत आवृत्तीत त्यांनी काही भाग बदलला. जेथे टिनटिन काँगोच्या मुलांना 'तुमचा देश बेल्जियम' असा धडा देत होता, तेथे गणिताचा धडा आला. पुढेही आयुष्यभर त्यांना त्या पुस्तकाविषयी विचारले गेले आणि उत्तर द्यावे लागले.

एका धर्मगुरूने चुकीची वाट दाखवली, दुसऱ्याने थांबवले. पण फादर गोसे पत्र लिहू शकले ते चित्राखाली नाव होते म्हणून. (याच हर्जेंनी आपले सहकारी एडगर जेकब्स यांनी संयुक्त नावाची मागणी केली तेव्हा ती नाकारली, हेही येथे नोंदवले पाहिजे. माणूस एका बाबतीत शिकतो म्हणून सगळ्या बाबतींत शिकतोच असे नाही.)

आपल्या 'अमर चित्रकथे'कडे याच नजरेने पाहिले तर एक गोष्ट खटकते. त्या पुस्तकांत राजपुत्र आणि राजकन्या गोऱ्या, राक्षस मात्र काळे, जाडजूड, दात पुढे आलेले. अभ्यासकांनी हे अनेकदा दाखवून दिले आहे. खानदेशच्या उन्हात कापूस वेचणाऱ्या आई-बापाच्या मुलाने ही पुस्तके वाचली, तर आपला रंग त्याला कोणत्या चौकटीत सापडतो? आपणही यातून सुटत नाही. आपल्या घराघरांतील तसबिरीत प्रभू येशू निळ्या डोळ्यांचा आणि सोनेरी केसांचा असतो, आणि ते चित्र कोणी काढले हे विचारावयास जावे तर खाली केवळ छापखान्याचे नाव. गोव्याचे आंजेलो द फोन्सेका यांनी पवित्र मातेला भारतीय वेषात, सावळ्या रंगात रंगवले. स्वधर्मीयांचा रोष त्यांनी पत्करला, पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून रंगवत राहिले आणि १९६७ साली वारले. लोक त्यांच्यावर रागावू शकले, कारण त्यांनी चित्राखाली सही केली होती. निळ्या डोळ्यांच्या तसबिरीवर कोणावर रागवावे?

आता तर यंत्राला चार शब्द सांगितले की क्षणात चित्र तयार होते. संतांची अशी चित्रे आमच्याही मोबाइलवर सणासुदीला येतात. सुंदर असतात, बोटे कधीकधी सहा असतात. त्यांच्याखाली नाव नसते. राक्षस काळाच का, असे त्यांना विचारता येत नाही, आणि ज्या हजारो चित्रकारांच्या रेघा पाहून ते यंत्र शिकले, त्यांचा पत्ता तर त्याहून दूर.

भडगावसारख्या गावात या साऱ्याचा संबंध येतो तो एका साध्या प्रश्नातून. मुलगा दिवसभर वहीत चित्रकथा काढतो, दहावीचे वर्ष तोंडावर आले, आणि आई विचारते, "फादर, चित्रं काढून पोट भरतं का?" या प्रश्नाला हसू नये. मुंबई-पुण्याबाहेर या धंद्याचा रस्ता अरुंद आहे, पानामागे पैसे मिळतात, पान नाकारले तर मिळत नाहीत. डोळे आणि पाठ लवकर थकतात. मुलास वाणिज्य शाखेत घालण्याचा विचार करणाऱ्या आईला आम्ही दोष देणार नाही. त्याला चित्रकलेच्या परीक्षा देऊ द्याव्यात, कला महाविद्यालयाची माहिती काढावी आणि पहिले काम मिळेल तेव्हा सही करण्याआधी कागद कोणा जाणत्याकडून वाचून घ्यावा, एवढे मात्र आम्ही सांगतो. या शेवटच्या सल्ल्यावर आया थोड्या चकित होतात. फादरांनी प्रार्थना सांगावी, करारनामा कसला सांगतात?

असाच एक मुलगा गेल्या उपवासकाळात क्रूसाच्या वाटेची चौदा चित्रे जाड कागदावर काढून घेऊन आला. सैनिकांचे चेहरे त्याने एस.टी. स्थानकावरच्या माणसांवरून घेतले होते आणि वेरोनिकाच्या डोक्यावर पदर होता. प्रत्येक चित्राच्या कोपऱ्यात त्याने आपले नाव लिहिले होते. देवाच्या चित्रावर पोराचे नाव शोभत नाही, म्हणून वडील ते खोडावयास सांगत होते. आम्ही त्या मुलास विचारले, की तिसऱ्या चित्रातील सैनिक काळा आणि प्रभू गोरा असा का? तो बराच वेळ चित्राकडे पाहत राहिला. मग म्हणाला, रंगपेटीत तेवढेच दोन रंग उरले होते. दुसऱ्या आठवड्यात त्याने ते चित्र नव्याने काढून आणले. नावे आम्ही चौदाही चित्रांवर राहू दिली.

राम वाईरकरांच्या पश्चात सुप्पंडी काढण्याचे काम त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांच्याकडे आले. चिरंजीव संजीव वाईरकर यांनीही याच व्यवसायात चित्रे काढली. वरदराजन यांनी पाठवलेल्या त्या भाबड्या नोकराला चाळीस वर्षे होऊन गेली. तो म्हातारा झालेला नाही. पुढील वेळी घरातील मुलांच्या हाती 'टिंकल' दिसले, तर गोष्ट सुरू होते त्या पानावरची बारीक अक्षरे त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्यावीत.